अजून ना

डॉक्टरीण दार लोटून बाहेर आली त्याच वेळी कृष्णनाथाच्या खिशातला फोन थरथरला. त्याने तो काढला. हात सवयीने गेला. सकाळी घातलेली शेअरखरेदीची ऑर्डर पूर्ण झाली, अशी एक ओळ पडद्यावर आली होती. त्याने ती वाचली, मिळालेला भाव बघितला आणि मग मान वर केली. डॉक्टरीण समोर उभी होती. त्याचं वाचून होईपर्यंत ती थांबली होती.

"कमलाक्षींचे तुम्ही कोण?"

"घोव," तो म्हणाला. ती मराठीत बोलत होती म्हणून त्याने पुन्हा सांगितलं, "नवरा."

वयाने ती त्याच्या लेकीएवढी, तनयाएवढीच असेल. तिने त्याला बाकावर बसवलं आणि स्वतः उभीच राहिली. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं, आणायला उशीर झाला होता, असं तिने सांगितलं. त्यानंतर तिने आणखी एक वाक्य सांगितलं. ते त्याला कळलं, पण ते कमलाक्षीबद्दल आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

"सकाळी त्या कुठे पडल्या होत्या का? डोक्याला लागलं होतं?"

"ना."

"मागच्या बाजूला सूज आहे, आजचीच. असं झालं की माणूस उठतो, चालतो, बोलतो. काही तास कुणाला पत्ता लागत नाही, आणि मग एकदम कोसळतो. तुम्हाला काहीच म्हणाल्या नाहीत?"

"कितेंच ना. बरी होती. रोजच्यासारखं विचारलं सुद्धा..." तो थांबला. काय विचारलं ते या मुलीला सांगून कळलं नसतं. "चाय दिली मला. मग म्हणाली, जरा आडवी होते."

"बायका सांगत नाहीत," ती म्हणाली. "आम्ही हे नेहमी बघतो."

फोन अजून त्याच्या हातात होता. त्याने तो पालथा करून बाकावर ठेवला.

तनया धारगळहून आली ती कारखान्याच्या निळ्या कपड्यांतच. तिचा नवरा रुद्रेश गाडी लावायला मागे राहिला होता. ती धावत आली आणि बापाचा चेहरा बघून चार पावलांवर थांबली.

"बाबा, कितें जालें? सकाळीं तिणें कितें सांगलें तुमकां? दुखता म्हणलें?"

"ना गे," कृष्णनाथ म्हणाला. "कोणाक कितेंच सांगूंक ना."

पुढच्या दिवसांत हे वाक्य त्याला इतक्या वेळा म्हणावं लागलं की ते तोंडात बसून गेलं.

कृष्णनाथ सुर्ल्याचा. गावच्या खाणीवर तो वजनकाट्यावर होता. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा खालीवर नाचतो. तो ठरेपर्यंत लिहायचं नाही, एवढंच त्याचं काम. मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, शिव्या घालायचे, तो बघायचा नाही. खाण बंद पडली तेव्हा ट्रकवाले, गॅरेजवाले, चहावाले सगळेच घरी बसले, तसा तोही बसला. तनयाचं लग्न झालेलं होतं. घरात दोघंच.

शेअरचं वेड त्याला साईशने लावलं. साईशचे खाणीवर दोन ट्रक होते. ते विकून त्याने डिचोलीच्या बाजारात मोबाइलचं दुकान घातलं होतं. सकाळी बाजार उघडताना घ्यायचं, त्याच दिवशी विकायचं, असा त्याचा उद्योग. बाजार उघडला की पहिली काही मिनिटं भाव काट्यावरच्या आकड्यासारखा नाचतो. साईशला दम धरवत नसे. तो मिळेल त्या भावाला घ्यायला सांगून मोकळा व्हायचा आणि मग कपाळ धरून बसायचा.

"पात्रांव, दाखयलो एक भाव आनी लागलो भलतोच!" तो कृष्णनाथाला थट्टेने पात्रांव, मालक, म्हणत फोनवर ओरडायचा. "हे चोर मरे सगळे!"

"चोर न्हय. तूंच घायकुतो."

कृष्णनाथ तसं करायचा नाही. आपला भाव तो आधी ठरवायचा, चालू भावापेक्षा थोडा खालचा. तेवढ्यालाच घेईन अशी ऑर्डर घालायची आणि बसून राहायचं. भाव खाली आला तर ऑर्डर लागली, नाही आला तर नाही लागली. पैसे फार सुटत नसत, फार बुडतही नसत. पण सव्वानऊला मेजाकडे जाऊन बसायला काम मिळालं होतं. काहीतरी ठरायची वाट बघत बसणं, एवढंच त्याला आयुष्यभर येत होतं.

कमलाक्षीला यातलं काही कळत नव्हतं. ती पेडण्याकडची, नदीकाठची. तिचा बाप संध्याकाळी गरी घेऊन काठावर बसायचा, आणि लहानपणी ही त्याला डब्यातून पेज घेऊन जायची. लांबूनच हाक मारायची, "लागलें?" म्हणजे गरीला मासा लागला का. बाप मागे बघायचा नाही. पाण्याकडे तोंड ठेवूनच सांगायचा, "अजून ना." मान फिरवली तरी मासा बिचकतो, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिल्यांदा कृष्णनाथ मेजावर कोपरं टेकून, फोन धरून, श्वास रोखून बसलेला दिसला तेव्हा ती हातात कालवण ढवळायची दवली घेऊन रांधणीच्या दारात उभी राहिली आणि हसत सुटली.

"आयकलें? म्हजो बापूयच बसला मूं हांगा गरी घेवन!"

"उलोवं नाका गे, थांब मातशें."

"तोय अशेंच म्हणटालो. लागलें?"

"अजून ना."

तेव्हापासून रोज सकाळी कामं करता करता ती कुठूनही विचारायची, रांधणीतून, विहिरीकडून, न्हाणीतून. "लागलें?" आणि तो मान न फिरवता सांगायचा, "लागलें," नाहीतर "अजून ना." एकदा त्याने मागितले होते त्यातले अर्धेच शेअर मिळाले आणि भाव निघून गेला.

"लागलें?"

"अर्धें लागलें."

"अर्धो मासो खंय लागता हो?" ती आतून म्हणाली. "तकली काय शेंपडी?"

डोकं की शेपटी, हे तिचं बोलणं त्याने साईशला सांगितलं. साईश आठवडाभर फोन उचलला की आधी विचारायचा, "पात्रांव, तकली काय शेंपडी?"

त्या वेळेला मिक्सर लावायचा नाही, हे ती आपणहून शिकली होती. भांडी हळू ठेवायची. समोरच्या विमलाला तिने सांगून ठेवलं होतं, पोदेराकडून पाव घेतलेस की आमचे पायरीवर ठेव, हाक मारू नकोस, ह्यांची गरी घातलेली असते.

त्या सकाळीही तिने विचारलं होतं. न्हाणीकडून. कृष्णनाथाला ते चांगलं आठवत होतं. जेव्हा जेव्हा मन खायला उठायचं तेव्हा तो तेवढं एक धरून राहायचा. पडली असेल तर ती त्यानंतर पडली असणार. रोजच्यासारखं विचारलं होतं म्हणजे तोपर्यंत बरी होती.

बाराव्यापर्यंत घरात माणसं होती. तिला न्हाऊ घालणाऱ्या बायकांत विमला होती. केसांखालची सूज तिच्या हाताला लागली होती, आणि न्हाणीत बालदी आडवी पडलेली तिनेच पाहिली होती. न्हाणीच्या पायरीला शेवाळ धरलं होतं. काय झालं असेल ते सगळ्यांनी मिळून जुळवलं.

"पडली आसतली, उठली आसतली, कापड बदललें आसतलें आनी चाय करूंक गेली आसतली," विमला म्हणाली. "कमलाक्षीचो स्वभावच तसो. पांयांत काटो मोडलो तरी कोणाक सांगची ना."

"घोवाक सुद्धा सांगूंक ना?"

"सांगलें आसतें जाल्यार तो बसून रावतलो आसलो?"

कृष्णनाथ खांबाशी बसून हे ऐकायचा. कमलाक्षीची ती तारीफ होती. आपल्या घरच्या माणसाची तारीफ ऐकून माणसं मान हलवतात तशी तो हलवायचा.

"म्हजेकडेन येवन बसली सुद्धा मातशी," तो म्हणायचा. "कदेलार. बरी होती."

तनया बाराव्यानंतरही राहिली. रुद्रेश धारगळला परत गेला. सकाळी तनया झाडलोट करायची, जेवण करायची, आणि मधेच कुठेतरी उभी राहून आपला फोन बघत बसायची. त्यात आईचा न उचललेला फोन होता. त्या दिवशी दहाच्या सुमारास आलेला. तनया औषधांच्या गोळ्या भरतात त्या विभागात होती आणि तिथे मोबाइल आत नेऊ देत नाहीत, कपाटात ठेवून जावं लागतं. जेवणाच्या सुट्टीत बघून तिने उलट फोन केला तेव्हा इकडे कुणी उचलला नाही. कृष्णनाथ तेव्हा कमलाक्षीला रिक्षात घालत होता.

"तूं तें पळोवं नाका आतां," तो म्हणाला.

"बाबा, कामाचे वेळार ती म्हाका केन्नाच फोन करी नासली. तिका खबर आसली मोबायल कपाटांत आसता म्हणून." ती फोनकडेच बघत होती. "तरी केलो. कोणाक तरी सांगचें आसलें तिका. तुमकां सांगूंक ना, विमलावयनीक सांगूंक ना. म्हाका सांगूंक सोदताली, आनी हांवें उखल्लो ना."

"सहज केलो आसतलो गे."

"सहज?"

तो उठून अंगणात गेला आणि उगाच माडाच्या आळ्यात पाणी सोडत राहिला.

रात्री रुद्रेशचा फोन यायचा, तिला नाही, त्याला.

"मामा, ती नोकरी सोडतां म्हणटा. मोबायल घेवन आंत वचूंक दिनात जाल्यार काम नाका म्हणटा. हांवें खूब सांगलें. आईन एकदांच उलो मारलो आनी हांवें ओ दिली ना, इतलेंच म्हणत रावता. म्हजें आयकना. तुमी सांगात तिका. तुमचें आयकतली."

"सांगतां," कृष्णनाथ म्हणायचा.

काय सांगायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. आई तुला सांगायला फोन करत नव्हती, हे तो कशाच्या जोरावर म्हणणार होता?

साईश एका संध्याकाळी आला तो पिशवीतून बांगडे घेऊन आला, आणि दारातच थबकला. सुतक संपलं की नाही याचा त्याने हिशोब केला नव्हता. तनयाने पिशवी त्याच्या हातातून घेतली.

"जालें सगळें, साईशकाका. दियात."

तो कृष्णनाथाजवळ दारापुढच्या बाल्कांवात बसला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाला, "पात्रांव, एक दीस तरी उगड तें. घेवं नाका. फकत पळे."

"मन जायना."

"मन कोणाचें जाता? म्हजें बायलेक विचार, म्हजें मन खंय आसता." त्याने घसा साफ केला. "तूं अशें बसून रावल्यार तकलेंत किडे पडटले. त्या दिसाचें कितें जालें मागीर? लागलें आसलें?"

"लागलें."

"मागीर?"

"आपणूच विकून गेलें सांजेर."

खरंच तसं झालं होतं. दिवसाचा सौदा त्याच दिवशी मिटवावा लागतो, माणसाने मिटवला नाही तर दलालाचं यंत्र मिटवतं. कमलाक्षीला घरी आणेपर्यंत तेही होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने चुकून उघडून पाहिलं तेव्हा पडद्यावर काही बाकी नव्हतं. ऑर्डरींच्या जागी कोरं होतं.

तनया चहा घेऊन आली होती. तिने साईशचं बोलणं ऐकलं होतं.

"बसात तुमी, बाबा," ती म्हणाली. "तुमी मेजार बसनात तेन्ना घर चडूच सुनें दिसता म्हाका."

म्हणून तो दुसऱ्या दिवशी बसला.

त्याने उजेडासाठी जनेल उघडलं, बसायला कदेल ओढलं, फोन मेजावर उभा करून ठेवला. बाजार उघडायला थोडा वेळ होता. तो आपली नेहमीची कंपनी काढून बसला. नदीत पाणी किती आहे ते बघावं तसा त्याने भाव बघितला, मनात एक आकडा धरला, आणि त्याच्या खाली थोडक्या शेअरची ऑर्डर घातली. बोट दाबताना तो अडखळला नाही, याचंच त्याला वाईट वाटलं. पण मग बाजार उघडला आणि भाव नाचायला लागला, आणि कितीतरी दिवसांनी त्याला दुसरं काही आठवलं नाही. भाव खाली येत होता. अजून थोडा. मागे रांधणीत काहीतरी धपकन् वाजलं. तो कपाळाला आठी घालून पडद्याकडे आणखी वाकला.

"लागलें," मागून आवाज आला.

"अजून ना," कृष्णनाथ मान न फिरवता म्हणाला. "थांब मातशें."

रांधणीत तनया हसली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली होती, आणि हसता हसता तिला रडू येत होतं असं वाटलं.

"बाबा! म्हज्या पांयाक लागलें! तुमचें तें न्हय! रगड्याक बोट आपटलें म्हजें!"

तो तसाच बसून राहिला. भाव त्याच्या आकड्याला टेकला, वर गेला, पुन्हा टेकला. तो बघत होता आणि त्याला दिसत नव्हतं.

विचारायची तेव्हा कमलाक्षी शब्द शेवटी वर उचलायची. तिची खोडच होती ती, काठावरून हाक मारायची. त्या सकाळी शब्द वर गेला नव्हता. जिथे सुरू झाला तिथेच राहिला होता. आणि त्याच्या आधी बालदी वाजली होती. बालदी वाजलेली त्याने ऐकली होती. नेमकी बाजार उघडायच्या वेळेला वाजली, म्हणून तो मनात चरफडला होता. मग ती म्हणाली, लागलें. आणि तो म्हणाला, अजून ना, थांब मातशें.

ती थांबली होती. लुगडं बदलून, चहा करून, तो मेजावर ठेवून ती बाजूच्या कदेलावर येऊन बसली होती. त्या वेळेला ती कधी बसत नसे. एक हात मानेमागे धरलेला. ती बसल्याचं त्याला बरं वाटलं होतं, पण मान फिरवून त्याने बघितलं नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, हांव मातशी आडवी जातां. त्याने मान हलवली होती. आतल्या खोलीत जाऊन तिने लेकीला फोन लावला, तो त्यानंतर.

"आईक सांगतालात तशेंच म्हाका सांगलें मूं तुमी?" तनया लंगडत दारात आली. डोळे पुसत होती आणि अजून हसतही होती. "बाबा?"

कृष्णनाथाने फोन पालथा घातला. तो उठला. तिचा दंड धरून त्याने तिला कदेलावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसून तिचा पाय मांडीवर घेतला.

"पळयां. खंय लागलें?"

"आंगठ्याक. कितें ना तें."

"खूब लागलें?"

"ना हो."

"तूं पडली? तकलेक बी लागूंक ना मूं?"

"तकलेक?" तिने त्याच्याकडे बघितलं. "बाबा, पांयाचें बोट तें."

नखाच्या कडेला थोडं रक्त होतं. तो आत जाऊन खोबरेल आणि हळद घेऊन आला. हातरुमालाची पट्टी फाडली. म्हातारपणी माणसं लहान मुलांचं करतात तसं सावकाश तो ते बोट पुसत राहिला, पुसून झालं तरी पुसत राहिला. मेजावर फोन पालथा पडल्या पडल्या थरथरला.

"तुमचें लागलें दिसता," तनया म्हणाली.

त्याने वर बघितलं नाही.

तनयाचं हसू जिरून गेलं होतं. ती बापाच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होती.

"एक उतर," ती म्हणाली. "हांवें आतां मारलो तसो उलो जरी मारलो आसलो तिणें तुमकां. लागलें म्हणून. इतलेंच. तुमी धांवतलेच आसले."

पट्टीची गाठ त्याच्या बोटांतून सुटली. त्याने ती पुन्हा धरली.

"तनया."

"कितें?"

बाहेर रस्त्यावरून पोदेराचा भोंगा वाजत गेला. त्याने गाठ मारली, आणि सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा मारली.

"घट्ट जाली?"

"ना. बरी आसा."

"मागीर आज रगडो कुशीक काडून दवरतां," तो म्हणाला. "वाटेर आसा तो."

दुपारी त्याने तो रगडा खरंच ढकलत ढकलत भिंतीला नेऊन लावला. एकट्याच्याने होण्यासारखं ते काम नव्हतं. तनया नको नको म्हणत होती. मग त्याने न्हाणीची पायरी काथ्याने घासली, शेवाळाचा हिरवा रंग जाऊन दगड दिसेपर्यंत. बालदी तिथेच होती. ती त्याने धुऊन उपडी ठेवली.

रविवारी रुद्रेश तनयाला न्यायला आला. ती आत पिशवी भरत होती. आईची दोन लुगडी तिने घेतली होती, कुठली घेतली ते बापाला दाखवून घेतली होती. जाताना तिने कृष्णनाथाला धरलं आणि त्याच्या खांद्याशी तोंड ठेवून म्हणाली, "तुमकां कितें तरी जालें जाल्यार म्हाका सांगशात. आईसारखें करूं नाकात. सांगशात मूं?"

"सांगतलों," तो म्हणाला.

"आईन सांगपाक जाय आसलें."

समोरच्या पायरीवरून विमला बघत होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि तीही मान हलवत होती.

तनया गाडीत बसली. रुद्रेश पिशवी ठेवायच्या निमित्ताने मागे आला. त्याने हळू आवाजात विचारलं, "मामा, सांगलें तिका?"

कृष्णनाथ गाडीच्या काचेकडे बघत होता. आत तनया मांडीवर फोन ठेवून बसली होती.

"अजून ना," तो म्हणाला.

गाडी वळणापलीकडे गेली. विमलाने पलीकडून विचारलं, गेली? तो हो म्हणाला आणि घरात आला. पालथा फोन मेजावरच होता. त्यात सगळे सौदे मिटलेले होते, बाकी काही दाखवत नव्हतं.

तनया सोमवारी कामावर गेली नाही, त्यानंतरही गेली नाही. रुद्रेशचा फोन अजून येतो. गावात कमलाक्षीचा विषय निघाला की तिच्या सोसण्याची तारीफ होते, आणि कृष्णनाथ ती ऐकून घेतो. कमलाक्षीने सांगितलं होतं. तनयाला ते सांगायचं राहिलं आहे.